फिनेलमावशीने उतरवलेला मातीचा ताप

फिनेलमावशीच्या घरात शिरायचं तर आधी पाय धुवावे लागत, मग हात, आणि पाहुणा निघून गेला की ज्या कडीला त्याने हात लावला असेल त्या कडीलाही आंघोळ घडे. बाई सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात मावशी म्हणून लागली, ती केस पांढरे होईपर्यंत तिथेच राबली. जंतू नावाच्या प्राण्याशी तिचं उभं वैर. तो डोळ्यांना दिसत नाही, याचाच तिला जास्त राग. "लपून काय बसतोस, समोर ये की," असं ती फरशी पुसता पुसता पुटपुटायची आणि कोपऱ्यात फडका असा काही खुपसायची की कोपऱ्यालाच गुदगुल्या व्हाव्यात.

एकदा मोठे डॉक्टर चिखलाचे बूट घेऊन तसेच वॉर्डात निघाले होते. मावशीने फिनेलमध्ये बुडवलेला काठीचा फडका त्यांच्यासमोर आडवा धरला. "साहेब, आत कालची बाळं आहेत. त्यांना अजून नावंसुद्धा ठेवलेली नाहीत, त्यांना तुमच्या बुटांची ओळख कशाला करून देता?" डॉक्टर मुकाट्याने बूट काढून मोज्यांवर आत गेले. पुढे तर त्यांना इतकी सवय लागली, की स्वतःच्या घरी जिना चढतानाही ते बूट हातात घ्यायचे, असं त्यांच्याच बायकोने बाहेर सांगितलं. तेव्हापासून मावशीला फिनेलमावशी हे नाव चिकटलं. तिलाही ते आवडलं होतं. "कुणाला अत्तराचा वास, कुणाला कर्माचा. आपला हा बरा," असं ती म्हणे.

नवरा मात्र देवाने शोधून उलटा दिला. तो ट्रक-ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. घराला लागूनच पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये डोक्यापासून नखापर्यंत काळा झालेला नवरा. लग्न होऊन नवरी घरी आली, आणि पहिले काही दिवस नवरदेव दाराबाहेर उकिडवा बसून जेवला, कारण नखं. शेवटी बिचारा लाकडाच्या भुशाने हात घासायला शिकला तेव्हा कुठे उंबऱ्याच्या आत त्याला पाट मिळाला.

इंजिनातून जे काळं तेल निघायचं ते तो शेडमागच्या खड्ड्यात ओतायचा. उरलंसुरलं अंगणात शिंपडायचा. "जमीन पिते. तिचं पोट मोठं," असं म्हणायचा. आता गंमत पाहा. घरात कुंकवाचा डाग पडू न देणारी ही बाई या तेलावर मात्र खूश होती. कारण तेल शिंपडलेल्या जागी धूळ उडत नव्हती, मुंगी फिरकत नव्हती, गवताचं पातं वर येत नव्हतं. आलेल्या-गेलेल्याला ती हौसेने परसात नेऊन दाखवायची. "बघा, एक किडा दाखवा." लोक बघायचे आणि त्यांना खरोखर एकही किडा दिसत नसे. त्यात काही वाईट असेल असं ना मावशीच्या मनात आलं, ना बघणाऱ्यांच्या.

नवरा गेला, मुलगा मिस्त्री झाला. शेड तीच, खड्डाही तोच.

भिंतीपलीकडे धाकटी जाऊ राहायची. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा थोरल्याच्या वाट्याला शेड आली आणि धाकट्याच्या वाट्याला विहीर. मधे भिंत उभी राहिली, पण भिंतीत एक लहान दार ठेवलं होतं, आणि त्या दाराची कडी कुणी कधी लावलेली आठवत नाही. दोघी जावांनी नवरे गमावले, मुलं मोठी केली, आणि रोज सकाळी त्या दारात उभं राहून भांडण केलं. विषय काहीही चाले, दोरीवरच्या कपड्यांपासून मांजरापर्यंत. एखाद्या सकाळी भांडण झालं नाही, तर दुसरीला बरं नसेल म्हणून पहिली चौकशीला जायची.

अशाच एका सकाळी धाकटी दारात आली, पण भांडायला नाही. हातात पाण्याची बादली. तिने ती मावशीच्या लखलखीत फरशीवर ठेवली आणि म्हणाली, "जाऊबाई, वाकून बघा."

मावशीने वाकून पाहिलं. पाण्यावर रंग फिरत होते. जांभळा, हिरवा, पिवळा, जणू कुणी रेशमी चिंधी पसरून ठेवली होती. बोटाने हलवलं तर रंग फाटले आणि पुन्हा जुळले. मग वास आला. तो वास तिने जन्मभर नवऱ्याच्या कपड्यांतून घासून घासून काढला होता.

"विहिरीचं?" तिने विचारलं.

"मग काय नदीचं? भाऊजींनी जमिनीला पाजलं, जमिनीने माझ्या विहिरीला पाजलं."

"अगं पण आमचं परस किती स्वच्छ..."

"स्वच्छ?" धाकटी म्हणाली. "तुमच्याकडे मुंगी का येत नाही, याचा विचार केलाय कधी? मुंगीला अक्कल आहे म्हणून."

ज्या जागेची मावशीने आयुष्यभर फुशारकी मारली, ती तिने पाहिलेली सगळ्यात घाण जागा निघाली होती.

धाकटी तेवढ्यावर थांबली नाही. "मुलगा केव्हाचा बोलावतोय. घराला गिऱ्हाईकही आहे. पाणी होतं तोवर मी त्याला नाही म्हणत आले. आता पाणीच गेलं, तर इथे कशाची राखण करत बसू? ती मागची माती सुधारणार असेल तर सांगा, नाहीतर मी निघाले." एवढं बोलून ती गेली. बादली तिथेच राहिली. मावशी तिच्याकडे बघत उभी होती. रोज सकाळी त्या दारात कुणीच उभं नाही, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती तडक शेडमध्ये गेली.

"सगळी माती खणून लांब टाकून ये," तिने मिस्त्रीला सांगितलं.

"लांब म्हणजे कुठे, आई? दुसऱ्या कुणाच्या विहिरीजवळ?"

मिस्त्रीने तेल आता पिंपात साठवायला सुरुवात केली, आणि चौकशी करून पाणी-माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून एका बाईंना घेऊन आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात जमिनीत खुपसायची पोकळ सळई, आणि स्वभाव असा की कितीही घाण दिसली तरी चेहरा जेवायला बसल्यासारखा प्रसन्न. मावशीने मनातल्या मनात तिचं नाव मातीची डॉक्टरीण ठेवलं.

डॉक्टरणीने काळी माती मुठीत घेऊन हुंगली तेव्हाच मावशी दोन पावलं मागे सरली. पुढे ती जे बोलली ते तर त्याहून भयंकर होतं.

"चांगली बातमी आहे. यात तेल खाणारे जंतू आहेत."

"जंतू?" मावशी म्हणाली. "आमच्या परसात?"

"तेल खाऊन त्याचं पाणी आणि हवा करून टाकणारे. फक्त बिचारे उपाशी आहेत."

"एवढं तेल असून?"

"मावशी, पोराला नुसती साखर भरवली तर ते वाढेल का? अंगाला लागायला दुसरंही काही हवं ना? तेल म्हणजे यांची साखर. त्यांना खत हवं, ओल हवी, हवा हवी. तेवढं दिलं की ते एकाचे अनेक होतात आणि तेलाचा फडशा पाडतात; मग विहिरीत उतरायला तेलच उरत नाही. आपण माती उकरून ढीग करायचा, भुसा मिसळून भुसभुशीत ठेवायचा, आणि त्यांना जेवू घालायचं."

मावशी खुर्चीवर बसली. जेवू घालायचं. जंतूंना. तिला वाटलं, ही बाई एक तर वेडी आहे, नाहीतर आपली थट्टा करतेय. तिने मिस्त्रीकडे पाहिलं, तर तो मान डोलावत होता. पोटचा मुलगा. तिच्याच हाताखाली वाढलेला, दिवसातून कितीतरी वेळा साबणाने घासलेला.

पण धाकटी थांबायला हवी होती, म्हणून मावशीने दात आवळले. जाड प्लास्टिकवर माती पसरून दोन ढीग झाले. मोठा मावशीच्या परसात, खड्ड्यातल्या मातीचा. लहान भिंतीपलीकडे, तेल झिरपून तिकडे गेलं होतं त्या मातीचा. ढिगांत हवेसाठी भोकांच्या नळ्या घातल्या. मिस्त्री खत पाण्यात विरघळवून झारीने शिंपडायचा, फावड्याने वरखाली करायचा. मावशी पदर नाकाला लावून लांबून बघायची, जसं एखाद्याच्या घरी नको असलेला जावई आला की बघतात.

धाकटीने मात्र पहिल्याच दिवशी दारात हात आडवा धरून बजावलं होतं. "जाऊबाई, तुम्ही या, बसा, पाणी प्या. पण तुमची ती फिनेलची काळी बाटली या भिंतीच्या अलीकडे आणायची नाही. तुमचा हात मला माहीत आहे."

"मी कशाला आणू?" मावशी फणकारली. तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

मग तो दिवस आला. मिस्त्री कुठल्याशा ट्रकचा सुटा भाग आणायला बाहेरगावी गेला होता. मावशी परसात कपडे वाळत घालायला गेली, तर ढिगातून किंचित वाफ निघताना दिसली. ती जवळ गेली. वॉर्डात तान्ह्या बाळाचं कपाळ पाहायची तशी हाताची मागची बाजू तिने मातीला लावली.

माती तापली होती.

तिने हात मागे घेतला, पुन्हा लावला. शंकाच नको. चांगला फणफणलेला ताप. माती जरा बाजूला केली तर आत पांढरे धागे पसरलेले, आणि एक कुबट वास. वॉर्डात जन्म गेलेल्या बाईला ताप, पांढरी बुरशी आणि वास या तिन्हींचा अर्थ कुणी शिकवायला नको होता. माती सडली. जंतू माजले. आता हे भिंत ओलांडणार, विहिरीत उतरणार, आणि धाकटी कायमची जाणार.

ढीग गरम होतो, होऊ द्या, असं डॉक्टरणीने सांगितलं नव्हतं असं नाही. तिने ते मिस्त्रीला सांगितलं होतं. मिस्त्रीने आईला सांगितलं नाही, कारण घरात जंतूंचा विषय निघाला की आई जेवण टाकून उठायची. त्याने ते घरातल्या शांततेसाठी केलं.

मावशीने पदर खोचला. न्हाणीघरातला फिनेलचा मोठा कॅन उचलून आणला. वरवर शिंपडणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने लोखंडी सळईने ढिगाला जागोजागी भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात फिनेल ओतलं, नळ्यांतूनसुद्धा. ढीग पांढरट होऊन ठिबकायला लागला. कॅन उपडा करून शेवटचे थेंबही झटकले. मग हात धुतले आणि कितीतरी दिवसांनी ती शांत झोपली.

पुढच्या वेळी हात लावला तर माती गार. ताप उतरला होता. मावशीने हे कुणाला सांगितलं नाही. रोग्याचा ताप उतरवला म्हणून नर्स दवंडी पिटत नाही.

मातीची डॉक्टरीण तपासायला आली तेव्हा मिस्त्रीही परतलेला होता. तिने लांब थर्मामीटर ढिगात खुपसला, बाहेर काढून पाहिला, पुसला, दुसऱ्या जागी खुपसला. पुन्हा पाहिला. पहिल्यांदाच तिचा चेहरा जेवायला बसल्यासारखा दिसेना.

"हा वास कसला?" तिने विचारलं.

"स्वच्छतेचा," मावशी म्हणाली.

डॉक्टरीण रिकाम्या पिंपावर बसली. मिस्त्रीच्या हातात पाना होता, तो त्याने सावकाश खाली ठेवला.

"आई, काय घातलंस?"

"ताप आला होता त्याला. तू नव्हतास. मी उतरवला."

"मावशी," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली, "तो ताप नव्हता. ते जेवत होते. एवढे सगळे एकदम जेवायला बसले की पंगत गरम होते. पांढरे धागेही त्यांचेच. आपला ढीग उत्तम चालला होता."

"मग आता?"

"आता कुणी जेवत नाही."

मावशीने ढिगाकडे पाहिलं. ज्यांना मारायचा तिने जन्मभर पगार घेतला, त्यांना एकदाच, एकदाच जगवायचं काम आलं होतं. घर राहणार होतं त्यांच्यावर, विहीर राहणार होती, धाकटी राहणार होती. आणि तिने ते भोकं पाडून, नेमाने, शेवटच्या थेंबापर्यंत संपवले होते. आपल्याच हातांकडे ती अशी बघत राहिली, जसे ते कुणी तिच्या मांडीवर ठेवून गेलं असावं.

"होणारच नाही का काही?" मिस्त्रीने विचारलं.

"होईल. माती पसरून वारा लागू द्यायचा, फिनेल उडू द्यायचं. मग जिवंत माती मिसळायची. दही लावायला विरजण लागतं ना, तसं." डॉक्टरणीने भिंतीकडे मान वळवली. "पलीकडचा ढीग अजून गरम आहे. मी आत्ताच पाहून आले."

"मी काकूकडून मागून आणतो," मिस्त्री म्हणाला.

"तू नको," मावशी उठली. "मी मारलेत, मीच मागते."

रिकामी बादली घेऊन ती भिंतीतल्या दारातून गेली. पलीकडे धाकटी ट्रंकेत भांडी भरत होती. कागदात गुंडाळलेले पेले, दोरीने बांधलेली पातेली. मावशी तिथेच खांबाला धरून उभी राहिली.

"हे काय?"

"गिऱ्हाईक येतंय उद्या घर बघायला. मुलगाही येतोय. विहिरीवरचे रंग काही हलायला तयार नाहीत, म्हटलं आवराआवर तरी करावी." धाकटीने वर पाहिलं. "तुमचं तोंड असं का झालंय? बादली कशाला?"

मावशीने सांगितलं. ताप, धागे, कॅन, भोकं, सगळं. मधे कुठे आवाज चढवला नाही की सारवासारव केली नाही. धाकटीचा हात पेल्यावर तसाच राहिला.

"सगळा ढीग?"

"सगळा."

"एखादा कोपरा तरी राहिला असेल."

"मी कधी कोपरा सोडलाय का?"

धाकटीने पेला खाली ठेवला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मावशीने मान खाली घातली आणि शिव्यांची वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. धाकटीच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज निघाला, आणि मग ती ट्रंकेच्या झाकणाला धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"अहो जाऊबाई," ती डोळे पुसत म्हणाली, "त्या डॉक्टरीण बाईंनी जगातल्या सगळ्या संकटांचा विचार केला असेल हो. पाऊस, ऊन, वारा. तुमचा नाही केला."

"हसू नकोस. तू जाऊ नकोस म्हणून केलं मी."

धाकटीचं हसू थांबलं. ती उठली. कोपऱ्यातल्या ढिगावरचं पोतं तिने बाजूला केलं, बादली काळ्या, उबदार मातीने भरली. पण मावशीने हात पुढे केला तर तिने बादली मागे घेतली.

"तुमच्या हातात? अजिबात नाही."

दुसऱ्या हाताने तिने फोन लावला. "अरे, उद्या येऊ नकोस. त्या माणसालाही सांग, घर नाही विकायचं सध्या. पाणी? पाणी तसंच आहे. तुझ्या थोरल्या काकूने जंतू मारलेत. तेलाचे रे. ते परत उभे करायचेत, आणि या बाईवर पहारा ठेवायला इथे दुसरं कोण आहे? मिस्त्री घाबरतो तिला. मी नाही घाबरत. किती दिवस, ते मला काय विचारतोस? जंतूंना विचार." तिने फोन ठेवला आणि मावशीकडे न बघता म्हणाली, "चला. बघता काय?"

मावशी तिच्या मागून चालली. ऐकलं ते खरं की काय, हे तिला अजून कळत नव्हतं. भरलेली ट्रंक उघडी तशीच मागे राहिली.

प्लास्टिकवर पसरलेली माती काही दिवस वारा खाऊन सुकली तेव्हा धाकटीने आपल्या ढिगातून आणखी बादल्या भरून आणून ओतल्या, मिस्त्रीने भुसा टाकला. फावड्याने ढेकळं नीट फुटेनात. मावशी थोडा वेळ बघत राहिली, मग तिने बांगड्या वर सारल्या, ढिगाजवळ बसली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत घातले. धाकटीच्या हातातली बादली कलंडली. इतक्या वर्षांत तिने या हातांना कधी मातीचा डाग पाहिला नव्हता.

"ढेकूळ हाताने फुटतं," मावशी म्हणाली, जणू रोजचंच.

"वासाची काळजी करू नका," डॉक्टरीण तिला धीर द्यायला म्हणाली. "उरलंसुरलं फिनेलही हे हळूहळू खाऊन टाकतील."

मावशीचे हात थांबले.

"काय खातील?"

"फिनेल. सगळेच नाही, पण काही जंतूंना ते पचतं. थोडं थोडं असलं तर."

मावशीने डॉक्टरणीकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे, मग मातीकडे. कुणीच हसत नव्हतं. वॉर्डातल्या त्या सगळ्या सकाळी, त्या फरशा, ते कोपरे तिच्या डोळ्यांपुढून गेले असतील.

"खातात," ती म्हणाली. "फिनेल."

"जाऊबाई, पाणी देऊ का?" धाकटीने खरोखर काळजीने विचारलं.

"मला नको." मावशीने मूठभर माती दाबून पाहिली. "यांना द्या. ओल कमी वाटतेय. आणि ते खत आज घालायचं, की आधी यांना जरा सावरू द्यायचं?"

डॉक्टरीण उत्तर द्यायच्या आत धाकटीने शेडमधलं स्टूल ओढून आणलं, ढिगाच्या अगदी समोर मांडलं, आणि त्यावर ठाण मांडून बसली. "ते मी सांगेन कधी घालायचं ते," ती म्हणाली. "तुम्ही ढेकळं फोडा."